देवदूतांची अक्षरे : हिब्रू वर्णमालेतून घडलेल्या गूढ लिपींच्या वादाचा आढावा

इ. स. १५३३ मध्ये कोलोन येथे संपूर्ण स्वरूपात छापून निघालेल्या, हाइनरिख कॉर्नेलिउस आग्रिपा या जर्मन पंडिताच्या गुह्यविद्येवरील त्रिखंडात्मक लॅटिन ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात तीन वर्णमालांचे तक्ते दिलेले आहेत. पहिलीस ग्रंथकाराने आकाशस्थ लेखन म्हटले आहे, दुसरीस मलाखीम, म्हणजे देवदूतांचे लेखन, आणि तिसरीस नदी ओलांडण्याचे लेखन. तिन्हींतील आकृती प्रथमदर्शनी सर्वस्वी अपरिचित वाटतात. सरळ अथवा वाकड्या रेषा, त्यांच्या टोकांशी बारीक वर्तुळे, आणि एकंदर ठेवण अशी की ती आकाशातील नक्षत्रांच्या जोडरेषांची आठवण करून द्यावी. तथापि त्या आकृतींखाली लिहिलेली नावे पाहू गेल्यास ती आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ अशी हिब्रू भाषेतील अक्षरांचीच आहेत आणि क्रमही हिब्रूचाच आहे. या लिपी कोणी केल्या, केव्हा केल्या, त्या सांगितल्या जातात तशा दैवी साक्षात्काराने प्राप्त झाल्या की पंडितांच्या लेखणीतून उतरल्या, आणि त्यांचा उपयोग वाचण्याकरिता होता की केवळ धारण करण्याकरिता, हे प्रश्न गेली सुमारे पाचशे वर्षे चर्चिले जात आहेत.

मराठी वाचकास हा विषय दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. वास्तविक या वादाचा एक महत्त्वाचा फाटा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, पुणे आणि मद्रास या तीन शहरांतून गेलेला आहे. प्रस्तुत लेखक चेन्नईत राहतो आणि अड्यार नदीच्या दक्षिण तीरावरील थिऑसॉफिकल सोसायटीचे आवार व तेथील ग्रंथालय त्याच्या नित्य परिचयाचे आहे. म्हणून या आढाव्यात त्या फाट्यास काहीसे अधिक स्थान दिले आहे. वादाचा मूळ प्रवाह मात्र पश्चिम आशिया व युरोप येथील असल्यामुळे आरंभ तेथूनच करणे प्राप्त आहे.

पार्श्वभूमी

हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे आहेत. त्यांपैकी पाच अक्षरांना शब्दान्ती निराळे रूप येते. यहुदी परंपरेत या अक्षरांना केवळ ध्वनींची चिन्हे मानलेले नाही. 'सेफेर यत्सिरा', म्हणजे निर्मितीचा ग्रंथ, या अत्यंत संक्षिप्त आणि कालनिर्णयाच्या दृष्टीने अद्याप वादग्रस्त असलेल्या प्रकरणात असे प्रतिपादिले आहे की ईश्वराने दहा सेफिरोथ, म्हणजे मूलसंख्या, आणि बावीस अक्षरे अशा बत्तीस मार्गांनी विश्व निर्माण केले. तेथे तीन अक्षरांना मातृका, सात अक्षरांना द्विरूप आणि बारा अक्षरांना साधी म्हटले असून, सातांचा संबंध ग्रहांशी आणि बारांचा राशींशी जोडला आहे. दहाव्या शतकात सादिया गाओन यासारख्या बुद्धिवादी आचार्याने या ग्रंथावर भाष्य लिहिले, यावरून त्याचे वजन ध्यानात यावे. अक्षरांची ताऱ्यांशी सांगड एकदा घातली गेल्यावर, आकाशातच एक लिपी लिहिलेली आहे अशी कल्पना उद्भवण्यास फार काळ लागण्याचे कारण नव्हते.

दुसरा आधार अक्षरांच्या आकृतीचा आहे. तोरा या यहुदी धर्मग्रंथाची गुंडाळी लिहिताना ठराविक अक्षरांच्या शिरावर बारीक मुकुट काढण्याचा प्रघात आहे. आणि मोशे पर्वतावर चढला तेव्हा ईश्वर स्वतः अक्षरांना मुकुट बांधीत बसला होता, अशी कथा तालमूद या यहुदी शास्त्रसंग्रहात आहे. आकृतीतील लहानात लहान रेषेसही अर्थ आहे हा भाव त्या कथेत मुरलेला आहे. तिसरा आधार लिपीपालटाच्या स्मृतीचा. ज्यूंनी बाबिलोनच्या निर्वासनानंतर जुनी हिब्रू लिपी सोडून आरामाइक वळणाची चौकोनी लिपी स्वीकारली, हे शिलालेखांवरून सिद्ध आहे आणि तालमूदकारांनाही ते ठाऊक होते. त्यांनी ते एज्राच्या काळाशी जोडले आहे. ज्या समाजाच्या धर्मग्रंथाने एकदा लिपी पालटली, त्या समाजात त्या दोहोंच्याही पूर्वीची, आदिम व विशुद्ध अशी एखादी लिपी असली पाहिजे, हा तर्क सहज संभवतो.

आता प्रत्यक्ष आकृतींकडे वळू. टोकांना वर्तुळे असलेल्या चिन्हांचा अगदी प्राचीन दाखला इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक मंत्रपपायरसांत मिळतो; त्यांपैकी बहुतेक इसवी सनाच्या दुसऱ्या ते पाचव्या शतकांतील आहेत. तेथे त्यांना 'खाराक्तेरेस' म्हटले असून ती कोणत्याही वर्णमालेतील अक्षरे नाहीत, ती शक्तिचिन्हे आहेत. जर्मन संशोधकांनी त्यांना चष्म्याची अक्षरे असे समर्पक नाव दिले आहे. तीच चिन्हे पुढे मेसोपोटेमियात जमिनीत पुरलेल्या आरामाइक मंत्रपात्रांवर, आणि कैरोच्या गेनिझातील तावीज व मंत्रवह्यांच्या सुट्या पानांवर आढळतात. गेनिझा म्हणजे कैरोतील एका जुन्या सिनेगॉगमध्ये जीर्ण कागद टाकून देण्याची खोली. तेथील प्रचंड दफ्तर सॉलोमन शेख्टर याने १८९६-९७ च्या सुमारास केंब्रिजला नेल्यामुळे या विषयाचा अभ्यास शक्य झाला. मध्ययुगात जर्मनीतील यहुदी भाविकांच्या मंडळांतून 'मेटाट्रोनची वर्णमाला' (मेटाट्रोन हे एका देवदूताचे नाव) या नावाने टीकाग्रंथ झाले. त्यांत चष्म्याची चिन्हे प्रथमच नीट बावीस अक्षरांच्या क्रमाने लावलेली दिसतात आणि प्रत्येक आकृतीच्या वर्तुळांचा व रेषांचा अर्थ सांगितलेला असतो.

हा टप्पा अत्यंत महत्त्वाचा आहे. सुटी शक्तिचिन्हे आणि हिब्रूचा अक्षरक्रम या दोन स्वतंत्र गोष्टींचा संयोग होऊन 'लिपी' ही वस्तू येथे जन्मास आली. अरबी विद्येतही समांतर घडामोड चाललेली होती. इब्न वहशिय्या याच्या नावावर मोडणाऱ्या, प्राचीन राष्ट्रांच्या व तत्त्ववेत्त्यांच्या लिपींचा संग्रह म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात अशा वर्तुळान्त वर्णमाला आहेत. जोझेफ हामर याने १८०६ साली लंडन येथे तो मूळ व भाषांतरासह प्रकाशित केला.

छापखान्याचा काळ

पिको देला मिरांदोला याने १४८६ साली आपली नऊशे प्रमेये मांडली आणि कब्बाला ही यहुदी गूढविद्या ख्रिस्ती पंडितांच्या चर्चेत आणली. योहानेस रॉइखलिन याचा कब्बालाकलेवरील ग्रंथ १५१७ साली बाहेर पडला. त्यापुढील वीस-पंचवीस वर्षांत वर्णमालांचे तक्ते छापण्याची जणू लाटच उठली. त्रिथेमिउस या मठाधिपतीने आपल्या, १५१८ साली छापून निघालेल्या, संकेतलेखनाच्या ग्रंथात तथाकथित थीबन लिपी दिली. ती लॅटिन अक्षरांवर बेतलेली असल्यामुळे आपल्या विषयाच्या कक्षेबाहेर पडते, परंतु आग्रिपाचा तो गुरुस्थानी असल्याने तिचा उल्लेख टाळता येत नाही. आग्रिपाच्या त्रिलिपींपैकी नदीपार लिपी ही अब्राहाम दे बाल्मेस या यहुदी वैयाकरणाच्या १५२३ साली व्हेनिस येथे छापलेल्या हिब्रू व्याकरणात आणि जोव्हान्नी पान्तेओ याच्या १५३० च्या किमयाविषयक ग्रंथातही आढळते. म्हणजे आग्रिपा तिचा कर्ता नव्हे, एवढे निश्चित. तेझेओ अम्ब्रोजो याने १५३९ साली पाविया येथे खाल्डी भाषेच्या प्रस्तावनेदाखल लिहिलेल्या ग्रंथात खऱ्या पौर्वात्य लिपी आणि कल्पित लिपी एकाच पंक्तीस बसविल्या. त्या काळच्या वाचकास सीरियाक, आर्मेनियन आणि देवदूतांची लिपी या तिघी सारख्याच परक्या होत्या; सबब त्यांतील कोणती हाडामांसाच्या माणसांनी वापरलेली आणि कोणती केवळ कागदावर जन्मलेली, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. आज त्या ग्रंथकारांना भोळे अथवा लबाड ठरविणाऱ्यांनी ही परिस्थिती विसरू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आग्रिपाने त्याच अध्यायात आणखी एक युक्ती दिली आहे, तिचे नाव 'आयिक बेकर'. बावीस अक्षरे आणि पाच अन्त्यरूपे मिळून सत्तावीस चिन्हे नऊ घरांत तीन-तीन अशी मांडावयाची आणि अक्षराऐवजी घराची आकृती काढून आत ठिपक्यांनी स्थान दाखवावयाचे. ही शुद्ध संकेतलिपी आहे. तिचीच लॅटिन आवृत्ती पुढे फ्रीमेसन मंडळींच्या कागदपत्रांत वापरली गेली.

सतराव्या शतकात झाक गाफारेल याने १६२९ च्या आपल्या फ्रेंच ग्रंथात आकाशस्थ लिपीस ज्योतिषाचे रूप दिले: तारे जोडून हिब्रू अक्षरे वाचावीत आणि त्यांतून राज्यांचे भवितव्य जाणावे. आथानासिउस किर्खर याने १६५२ ते ५४ या काळात प्रसिद्ध केलेल्या इजिप्तविषयक महाग्रंथात अशा लिपींची चिकित्सा केली. स्वतः इजिप्तच्या चित्रलिपीचे चुकीचे वाचन करणाऱ्या या विद्वानाने येथे मात्र संशयवृत्ती दाखविली. त्यापूर्वी इंग्लंडात जॉन डी आणि एडवर्ड केली यांना १५८३ साली स्फटिकदर्शनातून प्राप्त झालेली एकवीस अक्षरी, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी बायबलमधील एनोख या आदिपुरुषाच्या नावाची लिपी ही हिब्रूची कन्या म्हणता येणार नाही, कारण अक्षरसंख्या व नावे दोन्ही भिन्न आहेत. तिच्या भाषेचे विश्लेषण करणाऱ्या डोनल्ड लेकॉक या भाषाशास्त्रज्ञास तिची उच्चारव्यवस्था इंग्रजीच्या पुष्कळ जवळची आढळली. फ्रान्सिस बॅरेट याच्या १८०१ च्या ग्रंथाने आग्रिपाचे तक्ते इंग्रजी वाचकांपुढे आणले आणि तेथून ते एकोणिसाव्या शतकातील गुह्यमंडळांच्या हाती गेले.

पुणे आणि अड्यार

अशाच एका मंडळाचे, थिऑसॉफिकल सोसायटीचे, संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट हे १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईहून 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक निघू लागले आणि १८८२ अखेर संस्थेचे मुख्य ठाणे मद्रासजवळ अड्यार येथील हडल्स्टन गार्डन्स या बंगल्यात हलविण्यात आले. त्या काळी पुण्यात अब्राहम डेव्हिड इझिकेल नावाचे बगदादी कुळातील एक यहुदी गृहस्थ थिऑसॉफीचे निष्ठावंत अनुयायी होते. त्यांनी हिब्रू अक्षरांचा छापखाना घालून १८८७ साली जोहर या कब्बालाच्या प्रमुख ग्रंथातील 'इद्रा झुटा' हे प्रकरण यहुदी-अरबी भाषेत, म्हणजे बोलण्यातील अरबी परंतु हिब्रू अक्षरांत, पुण्याहून छापले. योगायोग असा की मॅकग्रेगर मॅथर्स याचे कब्बालाचे इंग्रजी भाषांतर, ज्यात हेच प्रकरण आहे, ते लंडनहून त्याच वर्षी बाहेर पडले. पुण्याच्या प्रकाशनास बगदादच्या धर्मपंडितांनी कडाडून हरकत घेतली. अधिकारी शिष्यास मुखाने सांगावयाचे रहस्य बाजारातील भाषेत उघड करणे, आणि तेही परधर्मी मंडळाच्या प्रेरणेने, हे त्यांना सर्वथा अमान्य होते. या प्रकरणाचा साधार वृत्तान्त इस्रायली अभ्यासक बोआझ हुस यांनी अलीकडे मांडला आहे.

इझिकेल यांच्या उद्योगाचा येथे सविस्तर निर्देश करण्यास कारण आहे. गूढ लिपी रहस्य झाकते. त्यांनी मात्र सर्वांस वाचता येणाऱ्या चौकोनी अक्षरांतच रहस्य खुले केले. हिब्रू अक्षरांच्या गूढतेस दोन परस्परविरुद्ध दिशांनी हाताळता येते, हे त्यावरून उमगते. मराठी वाचकास हा पेच नवा नाही. महानुभाव पंथाने आपले तत्त्वज्ञान संस्कृतात न ठेवता मराठीत आणले, आणि त्याच पंथाने पुढे चौदाव्या शतकात ते मराठी ग्रंथ रवळोबासांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सकळ लिपीत, तसेच सुंदरी इत्यादी अन्य सांकेतिक लिपींत बद्ध केले. त्या लिपींत नागरी वर्णांच्या जागी दुसरी चिन्हे येतात. वर्णव्यवस्था मात्र नागरीचीच राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे प्रभृती संशोधकांच्या प्रयत्नांनी त्यांची किल्ली विद्वानांच्या हाती आली तेव्हा, ज्यास अनेकांनी अगम्य मानले होते ते साहित्य निखळ प्राचीन मराठी गद्य आहे, असे निष्पन्न झाले. लोकभाषेचा स्वीकार आणि लिपीचे आवरण या दोन गोष्टी एकाच पंथात एकापाठोपाठ नांदू शकतात, हा आपल्या घरचा दाखला हिब्रू लिपींच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडावा असा आहे.

कोकणातील बेने इस्रायल समाजाचा संबंध याहून निराळ्या प्रकारचा आहे. मराठी मातृभाषा असलेल्या या समाजात हिब्रूचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या क्षीण झाले होते. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्याकरिता मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करून ती उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. तेथे हिब्रू अक्षर म्हणजे प्रथमतः शिकावयाची गोष्ट होती. मद्रासेतील यहुदी तर विल्सन यांच्या काळाहून पूर्वीचे: सतराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज वंशाचे यहुदी व्यापारी येथे पोवळी आणून हिरे नेत, आणि १६८८ च्या नव्या नगरपालिकेत त्यांच्यापैकी काही जण आल्डरमन होते. जॉर्ज टाउनमधील कोरल मर्चंट स्ट्रीट आणि लॉइड्स रोडवरील लहानशी दफनभूमी एवढेच त्यांचे अवशेष राहिले आहेत; तेथील कबरींवरील हिब्रू लेख साध्या चौकोनी अक्षरांत आहेत.

ब्लाव्हाट्स्की यांनी मात्र या साऱ्यापलीकडची भूमिका घेतली. १८८८ च्या 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथाचा पाया म्हणून त्यांनी 'झ्यान' नामक प्राचीन पोथीतील श्लोक दिले आणि ती पोथी सेंझार नावाच्या आदिम याजकभाषेत असल्याचे सांगितले. पुढल्या वर्षीच्या 'द व्हॉइस ऑफ द सायलेन्स' या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत त्या म्हणतात की सेंझारला स्वतःची वर्णमाला आहेच, पण तिचे लेखन अनेक सांकेतिक रीतींनी करता येते, आणि ती चिन्हे अक्षरांपेक्षा भावचित्रांच्या जातीची आहेत. अंक आणि रंग यांनी तिबेटी वर्ण दर्शविण्याची एक रीतही त्यांनी वर्णिली आहे. झ्यानच्या पोथीचा संबंध त्यांनी जोहरमधील 'सिफ्रा दित्झेनिउथा' या प्रकरणाशी जोडला होता. कब्बालाच्या आधुनिक अभ्यासाचे प्रवर्तक गेर्शोम शोलेम यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथातील एका टिपेत हाच धागा उलट्या बाजूने धरला आणि झ्यान हे नावच त्या प्रकरणाच्या शीर्षकावरून आले असावे असे सुचविले. हे मान्य केल्यास, आदिम आर्यपूर्व म्हणून पुढे केलेल्या पोथीच्या नावाशी अखेर हिब्रू-आरामाइक अक्षरेच उभी राहतात.

अड्यार येथे १९२५ च्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनाच्या वेळी यहुदी थिऑसॉफिस्टांचा संघ स्थापन झाला आणि आवारात सिनेगॉग बांधण्याची तजवीज होऊन पायाही घालण्यात आला. त्या आवारात आज हिंदू मंदिर, बौद्ध विहार, मशीद, चर्च आणि पारशी प्रार्थनास्थान आहे. सिनेगॉग मात्र उभे राहिले नाही. याचे दुःख प्रस्तुत लेखकास त्या आवारात फिरताना दरवेळी होते.

मुख्य पक्ष

आता या विषयातील प्रमुख मते मांडू. पहिला पक्ष श्रद्धेचा. त्याच्या मते या लिपी आदम, एनोख अथवा अब्राहाम यांना देवदूतांकडून मिळाल्या. राझिएल देवदूताच्या नावाचा ग्रंथ, जो १७०१ साली आम्स्टरडॅम येथे छापला गेला, हाच आदमाला मिळालेला ग्रंथ होय असे मानणारे आजही आहेत आणि केवळ घरात ठेवल्याने तो आगीपासून रक्षण करतो असा समज रूढ आहे. या पक्षास ऐतिहासिक पुराव्याची अपेक्षाच नाही. लिपीची कसोटी तिच्या फलात आहे.

दुसरा पक्ष सनातनविद्यावादी. पुनरुज्जीवनकाळातील ख्रिस्ती कब्बालिस्टांपासून थिऑसॉफिस्टांपर्यंत हा वंश अखंड आहे. सर्व लिपी एका आदिलिपीची विखुरलेली स्मृती आहेत, आणि नवी दिसणारी गूढ लिपी वस्तुतः पुनःस्मरण आहे, हे त्याचे सूत्र. थिऑसॉफीतही यावर एकवाक्यता नाही. जॉन ॲल्जिओ यांनी १९८८ मध्ये असे मांडले की सेंझारला संस्कृत किंवा हिब्रूसारखी बोलभाषा समजणे चूक असून ती प्रतीकांची व्यवस्था आहे. हे मत आक्षेपकांचे पुष्कळसे आक्षेप निष्प्रभ करते. तथापि ब्लाव्हाट्स्की यांनी स्वतः सेंझारच्या वर्णमालेचा उल्लेख केला आहे, त्याची संगती त्याने पुरतेपणी लागत नाही.

तिसरा पक्ष भाषेतिहासकारांचा. शोलेम यांच्यापासून गिडिऑन बोहाक यांच्यापर्यंतच्या अभ्यासकांनी हस्तलिखितांची नकल-परंपरा तपासून दाखविले की चष्म्याची चिन्हे उत्तरकालीन प्राचीन मंत्रविद्येतून आली, यहुदी मंत्रविदांनी त्यांचा अक्षरक्रमाशी संयोग केला, आणि ख्रिस्ती मुद्रकांनी त्यांना स्थिर रूप दिले. या पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा वर्णव्यवस्थेचा आहे. स्वतंत्र उगमाची लिपी आपले ध्वनी स्वतः निवडते. या लिपींत हिब्रूहून भिन्न असा एकही ध्वनी नाही आणि हिब्रूतील एकही वगळलेला नाही. मूळ अक्षरांच्या रेषा कित्येक ठिकाणी वर्तुळांच्या आड ओळखूही येतात. प्रस्तुत लेखकास हा पुरावा निर्णायक वाटतो.

चौथा पक्ष संकेतविद्येचा. त्याच्या मते रहस्यमयता हे आवरण असून हेतू पत्रे व नुस्खे गुप्त राखण्याचा होता. आयिक बेकरला हे मत तंतोतंत लागू पडते. देवदूतांच्या वर्णमालांस ते कष्टाने लागू करावे लागते. कारण किल्ली त्याच पानावर छापलेली असते, आणि ज्या तावीजांवर ही चिन्हे आहेत त्यांवर शेजारीच साध्या अक्षरांत ईश्वराची नामे लिहिलेली असतात. ज्याला लपवावयाचे आहे तो असे करीत नाही.

मातृकांशी तुलना

चेन्नईत बसून हा विषय लिहिणाऱ्यास तंत्रशास्त्रातील वर्णमातृकांची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि या तुलनेचा एक प्रमुख ग्रंथ याच शहरात निघाला: कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांचे 'द गार्लंड ऑफ लेटर्स' हे पुस्तक १९२२ साली मद्रासच्या गणेश आणि कंपनीने प्रसिद्ध केले. पन्नास वर्ण हे देवीचे अवयव. मूलाधारापासून आज्ञाचक्रापर्यंत चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन अशा दलांवर त्यांची स्थापना. प्रत्येक वर्ण एक शक्ती. तमिळ भूमीत तिरुमूलरांच्या तिरुमंदिरमध्येही अक्षरांचे आणि चक्रांचे असेच दर्शन आहे. बावीस अक्षरांपासून विश्व आणि पन्नास वर्णांपासून विश्व, हे साम्य पाहून थिऑसॉफीच्या वर्तुळात दोन्हींचा एकच उगम मानण्याकडे कल राहिला.

तथापि एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. तंत्रात प्राधान्य नादाला आहे. तोच बीजमंत्र काश्मिरात शारदेत, महाराष्ट्रात नागरीत आणि कांचीपुरात ग्रंथलिपीत लिहिला असता त्याच्या सामर्थ्यास बाध येत नाही; म्हणूनच अड्यार ग्रंथालयातील ताडपत्री मंत्रग्रंथ अनेक लिपींत आहेत. हिब्रू परंपरेत आकृतीच पवित्र आहे; गुंडाळीतील एक रेष चुकली तर ती गुंडाळी वाचनास अयोग्य ठरते. जेथे आकृतीला इतके मोल, तेथेच दुसऱ्या, उच्चतर आकृतीचा शोध संभवतो. भारतात गूढ वर्णविचार विपुल असूनही देवतांची निराळी वर्णमाला रूढ झाली नाही, याचे कारण बहुधा हेच. याला अपवाद म्हणून कामधेनुतंत्र व वर्णोद्धारतंत्र यांकडे बोट दाखविता येईल, कारण त्यांत वर्णांच्या रेषांचेही देवतारूप वर्णन आहे. परंतु तेथेही प्रचलित लिपीचेच ध्यान आहे, नवीन लिपीचे नाही.

अनिर्णित प्रश्न

या साऱ्या चर्चेत एक घोटाळा वारंवार होतो. आकृती कोठून आली, तिचा वापर कसा झाला, आणि तिच्याविषयी काय मानले गेले, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. परंतु एकाचा पुरावा दुसऱ्याचे उत्तर म्हणून पुढे केला जातो. लिपी मानवनिर्मित आहे असे सिद्ध केल्याने तिच्यासमोर बसून नामजप करणाऱ्या उपासकाचा अनुभव खोटा ठरत नाही. आणि त्या अनुभवाची तीव्रता सांगितल्याने लिपी एनोखच्या काळाची ठरत नाही. विद्वानांनी पहिली आणि श्रद्धावंतांनी दुसरी चूक पुष्कळ केली आहे, असे खेदाने नमूद करावे लागते.

त्याखेरीज काही प्रश्न खरोखरच खुले आहेत. ग्रीक पपायरसांतील चिन्हे आणि मध्ययुगीन जर्मनीतील वर्णमाला यांच्यामधल्या शतकांतील दुवा गेनिझाच्या कागदांनी पुष्कळ भरून निघाला असला, तरी सुट्या चिन्हांना बावीसांचा क्रम प्रथम कोणत्या प्रदेशात लावला गेला यावर एकमत नाही. आग्रिपाच्या आकाशस्थ आणि मलाखीम लिपी त्याला एखाद्या यहुदी हस्तलिखितातून मिळाल्या की ख्रिस्ती मध्यस्थाकडून, हाही प्रश्न तसाच आहे. नदीपार लिपीबाबत दे बाल्मेसमुळे यहुदी उगमाचा पक्ष बळावतो, पण एकीच्या दाखल्यावरून तिघींचा निवाडा करणे धाडसाचे होईल. अरबी वर्णमालासंग्रहांनी यहुदी मंत्रविदांस काही दिले की त्यांच्याकडून घेतले, याचा उलगडा दोन्ही भाषांतील हस्तलिखिते शेजारी ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकाकडूनच होऊ शकेल.

आपल्याकडील प्रश्न यांहून लहान असले तरी आपल्या आवाक्यातील आहेत. पुण्यात छापलेल्या यहुदी-अरबी पुस्तकांची मांडणी, त्यांतील अक्षरांचे खिळे आणि सेफिरोथांच्या आकृत्या यांचा ग्रंथवर्णनात्मक अभ्यास महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने हाती घेण्यासारखा आहे. अड्यार येथील जुन्या मासिकांच्या बाडांत कब्बालाविषयक लेख १८८० च्या दशकापासून विखुरलेले आहेत. त्यांतील किती भारतीय यहुदी लेखकांच्या अनुभवावर आधारलेले आणि किती मॅथर्स व आग्रिपा यांच्या नकलेतून उतरलेले, याची वर्गवारी केल्यास सनातनविद्यावादी पक्षाने हिब्रू अक्षरे प्रत्यक्ष परंपरेकडून घेतली की युरोपीय तक्त्यांवरून, या प्रश्नाचे भारतापुरते तरी उत्तर मिळू शकेल. सकळ लिपीचे आणि हिब्रू वर्णमालांचे चिन्हशः तौलनिक कोष्टकही करण्याजोगे आहे. महानुभावांनी नागरी वर्णांच्या जागी चिन्हे निवडताना मूळ आकृतीचा कितपत आधार घेतला हे त्यातून कळेल, आणि मेटाट्रोनच्या वर्णमालेतही मूळ रेषा राखण्याची तीच रीत आहे की नाही, हे पडताळून पाहता येईल.